गोव्यात एमजीए उघडताना: आधी पत्रा, मग इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार घरी उभी करायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी बॉनेटखाली जातं. इंजिन फिरतं का, कॉम्प्रेशन किती, कार्ब्युरेटर मूळचे आहेत का. एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या बाबतीत, आणि त्यातही गोव्यात, हे उलट्या क्रमाने बघायला हवं. इंजिन ही या गाडीतली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ते १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, म्हणजे आपल्या अँबेसेडरच्या ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी, दोन्हीकडे तेच. ज्या मेस्त्रीने आयुष्यभर अँबेसेडर टॅक्सी उघडल्या त्याला हे इंजिन नवं नाही. काम अडतं ते पत्र्यावर. आणि पत्रा कधी कापायचा, कधी रंगवायचा, कधी त्याला हातही लावायचा नाही, हे इथला पाऊस ठरवतो.

म्हणून पहिल्या दिवशी पान्याऐवजी कॅलेंडर हातात घ्यावं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये गाडी सुटी करायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सँडब्लास्टिंग, वेल्डिंग आणि प्रायमरचे. मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा रंग. जून ते सप्टेंबर इंजिन, गिअरबॉक्स, कार्ब्युरेटर, वायरिंग, सीट, म्हणजे टेबलावर आणि छपराखाली होणारं सगळं. कोणी जुलैमध्ये उघड्या पत्र्यावर काम काढलं, तर सकाळी घासलेला पत्रा दुपारी तांबूस दिसतो आणि तोच भाग पुन्हा पुन्हा घासत बसावं लागतं.

हे का होतं ते आकड्यांत बघा. दोन-पॅक इपॉक्सी प्रायमर मारताना पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त असावं लागतं. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर दवबिंदू २५ अंशांच्या वर जातो. रात्रभर गार झालेला लोखंडी पत्रा सकाळी त्याच्याही खाली असतो, म्हणजे डोळ्याला दिसत नसली तरी त्यावर पाण्याची साय असते. जानेवारीतल्या दुपारी ३१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २१ च्या आसपास येतो आणि हाताशी दहा अंशांची मोकळीक राहते. आर्द्रता दाखवणारा साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो शेडमध्ये लावल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडू नये.

घेण्यापूर्वी काय बघायचं

एमजीएची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. बॉडी पूर्ण उचलून बाजूला ठेवता येते, ही मोठी सोय. चासी जाड पेटीच्या आकाराची आहे, ती सहसा टिकते. तरी बॅटरीच्या जागा आधी तपासा. या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही अंगांना बसतात. वरून ॲसिड सांडतं आणि खालून रस्त्याचं पाणी उडतं, त्यामुळे त्यांचे ट्रे आणि आजूबाजूचा भाग आधी जातो.

दुसरी जागा म्हणजे पायाखालची. एमजीएची फरशी लाकडी आहे, प्लायवूडच्या फळ्या चासीच्या पट्ट्यांवर बोल्टने बसवलेल्या. रोडस्टरला, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीला, वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, फक्त काढता येणारे साइडस्क्रीन. पाणी आत येणारच. फळी भिजते, फुगते आणि ज्या लोखंडी पट्टीवर ती टेकलेली असते तिला महिनोन् महिने ओलं ठेवते. वरून गालिचा छान दिसतो, म्हणून गालिचा उचलूनच बघावं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक पट्टीवर दाबून पाहावं. नव्या फळ्या आयएस ७१० मार्कच्या मरीन प्लायच्या करा. जाडी जुन्या फळीवरून मोजून घ्या, कारण सीटच्या पट्ट्या आणि बोल्टची लांबी तिच्यावरच अवलंबून आहे. कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सीने दोनदा भरून घ्या. प्लाय कडेकडूनच पाणी पिते.

तिसरी आणि सगळ्यात महागडी जागा दाराखालची सिल, आणि सिलला दोन्ही टोकांना धरणारे खांब. पुढच्या चाकामागे चिखल साचतो, तो तिथेच बसून राहतो आणि आतून बाहेर खात येतो. बाहेरून रंगाला एक फुगवटा दिसला, तर आतला पत्रा गेलाच असं धरून चाला. लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मात्र दारं, बॉनेट आणि डिकीच्या झाकणाचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, तिथे चुंबक मुळातच धरणार नाही. तिथे कडा बघायच्या. ॲल्युमिनियम जिथे आतल्या लोखंडी सांगाड्यावर दुमडलंय, तिथे खारी हवा दोन धातूंमध्ये शिरते आणि ॲल्युमिनियमची पांढरी पूड होऊन कड फुटते. समुद्रापासून एखाद-दोन किलोमीटरवर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

सिल कापण्याआधी

इथे घाई केली तर पुढचं काहीच जुळत नाही. सिल कापली की पुढचा आणि मागचा खांब एकमेकांकडे सरकतात, आणि नवी सिल घातल्यावर दार लागत नाही. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत आधार द्या: २५ × २५ मिमीचा चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, एक आडवा आणि एक तिरपा. चासी सपाट जमिनीवर चार स्टँडवर, पाणसळ लावून. दोन्ही बाजूंचे कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा, दोहोंत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा. एका वेळी एकच बाजू कापायची. बॉडी चासीवर बसलेली असतानाच सिल बदलायची, उचलून ठेवल्यावर नाही.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्यावा, बाहेरच्या भागाला २० गेज, आतल्या आधाराला १८. गॅल्व्हनाइज्ड पत्रा टिकाऊ वाटतो, पण वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर होतो, तो छातीला वाईट आणि जोडही सच्छिद्र होतो. नवी सिल आधी क्लॅम्पवर, मग टॅकवर, म्हणजे वेल्डिंगच्या तुरळक ठिपक्यांवर. टॅक मारले की दार लावा, बंद करा, तिन्ही बाजूंची फट बघा. एमजीएला ही फट बिजागरीखालच्या पातळ पट्ट्या कमीजास्त करून थोडी सुधारता येते, पण वाकड्या खांबाला पट्ट्या पुरत नाहीत. समाधान झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग, तेही १५-२० मिमीचे तुकडे, एक इथे तर पुढचा हातभर लांब. सलग ओढलं की पत्रा तापून लाटेसारखा उठतो आणि मग पुट्टीचे थर चढवावे लागतात.

मिग वेल्डिंगला ०.६ किंवा ०.८ मिमीची तार पुरते. इथली एक खास अडचण म्हणजे दुपारचं वारं. समुद्राकडून वारा सुटला की वेल्डिंगच्या टॉर्चमधून येणारा गॅस उडून जातो, वितळलेल्या धातूला हवा लागते आणि जोडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. ग्राइंडर मारल्यावर ती झाकली जातात, पाणी मात्र त्यातून जातं. वेल्डिंग सकाळी उरका, नाहीतर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री ताणा. गॅसचा दाब वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट प्रवाह खवळतो आणि हवा आत ओढतो.

मिठाचा गंज

सँडब्लास्टिंग चासीला करावं, सस्पेन्शनच्या भागांना करावं. दारं-बॉनेट-मडगार्डला करू नये. जोरदार वाळूने पातळ पत्रा ताणला जाऊन वाकतो, तो मग कधीच सरळ होत नाही. त्यांना रंग उतरवणारं केमिकल आणि तारेचा ब्रश. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा अजिबात नको. अनेक गॅरेजांत इंजिनाचे भाग उकळायला कॉस्टिकची टाकी असते. त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा कार्ब्युरेटरची बॉडी गेली तर ती विरघळू लागते.

ब्लास्ट करून आलेली चासी राखाडी, स्वच्छ दिसते आणि लोक लगेच प्रायमर मारतात. किनाऱ्यावरच्या गाडीला हे पुरत नाही. गंजाच्या खोल खड्ड्यांच्या तळाशी मीठ उरलेलं असतं, वाळू तिथपर्यंत पोचत नाही. वर कितीही चांगला प्रायमर मारा, ते मीठ आतून ओलावा ओढतं आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. उपाय असा: ब्लास्ट झालेल्या चासीवर स्वच्छ पाणी मारा आणि रात्रभर तशीच सोडा. सकाळी बहुतेक पृष्ठभागावर हलका, एकसारखा तांबूस रंग येईल, पण काही ठिकाणी काळपट, ओलसर ठिपके उठतील, सुकल्यावरही ओले दिसणारे. तिथे मीठ आहे. त्या जागा पुन्हा धुवा, पुन्हा ब्लास्ट करा. ठिपके येणं थांबलं की वाळवून त्याच दिवशी, चार तासांच्या आत, इपॉक्सी. धुवायला किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी वापरू नका, उन्हाळ्यात ते मचूळ होतं. शेवटचं पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड.

पुट्टी नेहमी इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी थेट लोखंडाला नेऊन देते. थर २-३ मिमीच्या वर जात असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिलाय असं समजा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी फक्त ओरखड्यांसाठी, ती महिनोन् महिने बसत जाते आणि चकाकत्या रंगाखाली घासायच्या कागदाचे व्रण दिसू लागतात.

प्रायमरपर्यंत घरी करावं, शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र बूथ असलेल्या ठिकाणी. यात धुळीचा प्रश्न आहेच, पण मोठा प्रश्न हार्डनरमधल्या आयसोसायनेट या फुफ्फुसांना घातक रसायनाचा आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा आणि गनजवळ वॉटर ट्रॅप लावा. इथल्या हवेत टाकीत किती पाणी साठतं हे एकदा पाहिलं की कोणी हे विसरत नाही.

रंग झाल्यावर सिलच्या आत, खांबांच्या आत, चासीच्या पेट्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण. डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करा, लांब नळीने सगळ्या बाजूंना फवारा आणि खालच्या भोकांतून थेंब पडू लागेपर्यंत थांबू नका. मग ती भोकं तारेने मोकळी करा. बुजलेलं भोक म्हणजे आत कायमचं पाणी.

इंजिन

बरीच वर्षं उभं असेल तर स्टार्टर लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्म ओता, काही दिवस राहू द्या. मग हँडलने हळूच पुढे-मागे. झटका द्यायचा नाही, रिंग तुटून भिंत खरवडते.

उघडल्यावर बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजा. रीबोअर (सिलिंडर मोठा करून कापणं) लागलं तर आधी पिस्टन हातात घ्या आणि मग लेथवाल्याकडे ब्लॉक द्या. रिंगची फट ०.००८ ते ०.०१३ इंच. रिंग, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग चेन यांसाठी अँबेसेडरचे भाग कामी येतात. उत्पादन २०१४ मध्ये थांबलं तरी मुंबईच्या ऑपेरा हाऊसच्या बाजारात आणि कोलकात्याच्या मलिक बाजारात जुना साठा निघतो. पण प्रत्येक भाग जुन्याशी लावून घ्यायचा. पिस्टनमध्ये खास काळजी: एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३ ला १, अँबेसेडरचं त्याहून कमी. बोअर जुळतो म्हणून अँबेसेडरचे पिस्टन घातले तर इंजिन चालेल, पण स्पोर्ट्स कारचा जीव जाईल. कॅमशाफ्टचंही तेच. तो एमजीएचाच ठेवा.

हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या. मूळ सीट थेट बिडात कापलेल्या आहेत आणि शिसंयुक्त पेट्रोलच्या भरवशावर. भारतात ते २००० साली पूर्ण बंद झालं. शिसं नसलं की व्हॉल्व्ह हळूहळू बिडात रुतत जातो, क्लिअरन्स संपतो आणि व्हॉल्व्ह जळतो. हेडचे नट ५० पाउंड-फूट, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टॅपेटची फट गरम इंजिनाला ०.०१७ इंच. प्लगची फट ०.०२५, पॉइंटची ०.०१४ ते ०.०१६ इंच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

ब्लॉकचे वेल्श प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढून वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी, धुवा, विशेषतः चौथ्या सिलिंडरच्या मागे. तिथे गंजाचा चिखल दगडासारखा बसतो आणि घाटात गाडी तापते ती त्याच्यामुळे. रेडिएटर बदलूनही तापणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथे असतं.

मागच्या मेन बेअरिंगला ऑइल सील नाही. क्रँकवर कोरलेली आट्यांसारखी खाच तेल परत फेकते. त्यामुळे उभ्या गाडीखाली थोडं तेल पडणारच. मेस्त्री तिथे सिलिकॉन चोपडायला निघाला तर थांबवा, सुटलेला तुकडा पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. थेंबाची धार झाली तर आधी ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबलाय का आणि रिंगा झिजल्यात का ते बघा.

ई२० आणि एसयू कार्ब्युरेटर

पंपावर आता बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, ओलावा ओढतं आणि मिश्रण पातळ करतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या दर्जाच्या घ्या, पंपाचा डायफ्रामही. पेट्रोलची टाकी उतरवाच. टाकी आणि डिकीच्या पत्र्यामधली पट्टी ओलावा धरते, म्हणून टाकी वरच्या बाजूने चाळणी होते आणि खालून धडधाकट दिसते.

एसयू कंपनीच्या दोन्ही एच४ कार्ब्युरेटरच्या जेटला बुचाच्या लाकडाचे सील असतात. गाडी उभी राहिली की ते सुकून आक्रसतात आणि चोक ओढल्यावर जेटखालून पेट्रोल ठिबकतं, ते गरम एक्झॉस्टच्या शेजारी. नवे सील रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून मगच बसवा, आणि गाडीत आग विझवणारं सिलिंडर ठेवा. मिश्रण लावताना इंजिन पूर्ण गरम करून एका कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बसू लागलं तर पातळ, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. ई२० वर ते बहुधा पातळच निघेल. जेटचा नट खाली, एका वेळी एक पैलू, दोन्हीकडे सारखा.

वायरिंग, बोल्ट, ब्रेक

मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, आणि अख्ख्या गाडीला दोनच फ्यूज. नवा हार्नेस करणार असाल तर कथिल चढवलेली तांब्याची वायर घ्या. ती बोटीत वापरतात, मालीम किंवा कुटबण जेटीच्या आसपास ट्रॉलरचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. साध्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत हिरवी पडत जाते, बाहेरून काही दिसत नाही आणि दिवे मंद होतात.

बोल्ट बहुतेक यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आट्यांचे आहेत. ५/१६ यूएनएफ आणि एम८ यांचा व्यास जवळजवळ सारखा, ७.९४ आणि ८ मिमी, पण आटे वेगळे. एम८ चा बोल्ट दोन फेरे हाताने जातो, मग पान्याने जोर लावला की भोकाचे आटे फाटतात. जुने बोल्ट डबीत भरून, नावाची चिठ्ठी लावून ठेवा आणि आटे मोजायचा गेज घ्या.

ब्रेक आणि क्लच यांचा मास्टर सिलिंडर एकत्र, दुहेरी आहे. तो गळला तर फ्लुइड खालचा रंग उतरवतं. रबर कधीही पेट्रोलने धुवू नका, ते फुगतं. लाइन तांबे-निकेलच्या करा, लोखंडी लाइन इथे टिकत नाहीत. डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला.

पावसाळ्यात ठेवायची कशी

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी आतून घामेजते. सुती कव्हर घाला, चाकं स्टँडवर, खालून वारा खेळता. मांगराच्या, म्हणजे गाडी ठेवायच्या शेडच्या, छपराला नुसते पत्रे असतील तर रात्री आतून पाणी ठिबकतं, कौलांखाली हा त्रास कमी. जमीन कोबा नसलेली असेल तर आधी जाड प्लॅस्टिक अंथरून वर फळ्या टाका. सीट काढून घरात, वरच्या मजल्यावर, नाहीतर चामड्याला बुरशी येते. माडाखाली गाडी लावू नये हे गोव्यात सांगायला नको, तरी छपराच्या वर माड झुकलाय का ते बघा.

कागद

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राचे व्हिंटेज नियम आले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि १० वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आधीच नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या नियमांत बसत नाही. म्हणून कोणी डिझेल इंजिन घालायचा सल्ला दिला तर मोह टाळा. आणि अशी नोंदणी घेतली की गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच.

नवं इंजिन पहिले ५०० किमी ३,००० आरपीएमच्या आत चालवा, पण एकाच वेगाने नको, वेग कमीजास्त होऊ द्या. म्हणजे रिंगा बसतात. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, जस्त जास्त असलेलं, कारण कॅमचे टॅपेट सपाट आहेत. सुमारे साडेचार लिटर बसतं, पण डिपस्टिक बघूनच भरा. ५०० किमीला तेल आणि फिल्टर बदला, इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा ५० ला कसा, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड बसलं की फट कमी झालेली असते.